मांडवीवरील एका तासाचे मोल

प्रवासास निघालेल्या कुटुंबाचा हिशेब बहुधा करमणुकीच्या सदराखाली चुकतो. रेल्वेचे भाडे, मुक्कामाचा खर्च, दोन वेळचे जेवण हे सारे घरबसल्या मांडता येते. परंतु परगावी पोचल्यावर जेव्हा कोणी सांगतो, की अमुक एक खेळ पाहिल्यावाचून येथून जाणे म्हणजे येऊन न आल्यासारखेच, तेव्हा कागदावरील आकडे लटके पडतात. अशा वेळी निर्णय कसा करावा, हा प्रश्न दिसतो त्याहून अधिक विचाराचा आहे.

बऱ्हाणपुरातील एखादे मराठी कुटुंब गोव्यास निघाले आहे, असे धरून चालू. निजामुद्दीन आणि वास्को यांच्यामध्ये धावणारी गोवा एक्सप्रेस खंडवा-भुसावळ याच लोहमार्गाने जाते. म्हणजे तापीकाठच्या माणसास मांडवीकाठ तसा फार परका नाही. कुटुंबात आजी आहे, दोन मुले आहेत, कर्ता पुरुष यंत्रमागाच्या धंद्यात आहे आणि वर्षभर शिलकीत टाकलेल्या पैशांवर हा प्रवास बेतला आहे. पणजीत उतरताच हॉटेलवाला, रिक्षावाला आणि रस्त्यावरील दलाल असे तिघेही एकच गोष्ट सुचवितात : सायंकाळी बोटीवरचा नाच पाहा. तिकीट माणशी काही शेकड्यांत असते. एकट्या प्रवाशास ते जाणवत नाही. पण त्यास सहाने गुणले, की तीच रक्कम एका दिवसाच्या मुक्कामाची होते.

हा खेळ असतो तरी कसा, ते प्रथम पाहिले पाहिजे. पणजीस मांडवी पुलानजीक सांता मोनिका नावाचा धक्का आहे. तेथून गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या आणि इतर मालकांच्या बोटी सूर्यास्ताच्या सुमारास व त्यानंतरही सुटतात. फेरी साधारण एक तासाची. वरच्या डेकवर लहानसा रंगमंच, समोर खुर्च्या, ध्वनिवर्धकावर निवेदक. आदिलशहाचा जुना राजवाडा, कांपालचा किनारा, पलीकडे रेइश मागुशचा किल्ला ही दृश्ये ओलांडीत बोट नदीच्या मुखाकडे जाते आणि परतते. या अवधीत फुगडी, देखणी आणि कोरिदिन्यो हे नाच थोडे थोडे दाखविले जातात. मधल्या वेळात मुले, जोडपी, पुरुष यांना पाळीपाळीने रंगमंचावर बोलावून चित्रपटगीतांच्या ठेक्यावर नाचविण्यात येते. घड्याळ लावून पाहिले, तर गोव्याच्या नृत्यास मिळणारा वेळ एकंदर फेरीच्या मानाने थोडाच भरतो.

आता तिकिटाच्या पोटात काय काय असते याची फोड करावी. एक भाग बोटीचा : इंधन, खलाशी, डागडुजी. दुसरा भाग कलावंतांचा. तिसरा भाग दलालीचा. तिकीट थेट खिडकीवर न घेता मध्यस्थामार्फत घेतले, तर हा भाग वाढतो. आणि चौथा भाग निव्वळ नावाचा. पहिल्या दोन भागांबद्दल कोणाची तक्रार असू नये, कारण त्यांच्या मोबदल्यात काहीतरी हाती पडते. तिसरा भाग थोडी चौकशी केल्यास टाळता येतो. चौथा भाग तेवढा विचार करावयास लावणारा आहे.

नावाची किंमत कशी ठरते हे समजण्यास बऱ्हाणपूरची मावा जलेबी पुरेशी आहे. जलेबी विकणाऱ्यास पक्के ठाऊक असते, की आजचे गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार आहे. मावा कमी पडला किंवा पाक बिघडला, तर ते शेजारच्या दुकानी जाईल. म्हणून तेथे नाव आणि माल ही एकमेकांना बांधलेली असतात. प्रवाशांसाठीच चालणाऱ्या खेळाचे तसे नाही. आज पाहून गेलेला मनुष्य उद्या यावयाचा नसतो; त्याच्या जागी नवा येतो आणि तो केवळ नाव ऐकून येतो. खेळ उत्तम असो वा सामान्य, खुर्च्या भरतातच. अशा ठिकाणी कलावंत आळशी असतात असे नव्हे. पण त्यांना अधिक चांगले करावयास लावणारा जाणता प्रेक्षकच समोर बसलेला नसतो. म्हणून कीर्तीची चौकशी करताना ती परगावच्या लोकांत आहे की गावच्या लोकांत आहे, हे विचारावे. गावची माणसे पदरचे पैसे खर्चून तो खेळ पाहतात काय? या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडा होतो.

कलेचे मोल चुकविण्याच्या रीती आपल्याकडे निरनिराळ्या होत्या. बऱ्हाणपूर ही मोगलांच्या दक्षिण सुभ्याची राजधानी. तेथे गायिका व नर्तकी यांचा चरितार्थ दरबाराच्या आश्रयावर चाले. शहरापलीकडील जैनाबादेत औरंगजेबाने शहजादा असताना ज्या हिराबाईस पाहिले, ती जैनाबादी या नावानेच इतिहासात राहिली. उतावळी नदीवरील गुलआरा महालाशीही एका गायिकेचे नाव लोकांनी जोडले आहे. तेथे कलेचा सारा खर्च एकच धनी सोशी आणि ऐकावयाचे तेही तोच ठरवी. महाराष्ट्रातील संगीत बारीत दुसरी रीत दिसते. तेथे रसिक लावणीची फर्माईश करतो आणि दौलतजादा देतो. गाणे रंगले, तर हात सैल सुटतो. म्हणजे मोलाचा मोठा भाग गाणे ऐकता ऐकता ठरतो. तिकिटाची रीत या दोहोंहून वेगळी. तीत मोल आधी आणि रस मागाहून. धन्याचा जुलूम त्यात नाही, गरिबासही दार उघडे असते, हा तिचा मोठा गुण. पण पारख करण्याचे काम खिडकीपाशीच उरकावे लागते, ही तिची अडचण. त्यातून नाटक रुचले नाही, तर मध्यंतरात उठून जाता येते. बोट मात्र धक्क्यास लागेपर्यंत कोणास उतरता येत नाही.

बोटीवर दाखविले जाणारे नाच मुळात हलके नाहीत, हेही सांगितले पाहिजे. फुगडी ही गोव्यातील बायकांची घरगुती आणि देवळातील करमणूक. चवथीच्या दिवसांत ती घरोघर रंगते. तिच्यात नाचणाऱ्या आणि पाहणाऱ्या निराळ्या नसतात. कोरिदिन्यो पोर्तुगालहून आला. देखणी ही कलावंतिणींच्या नृत्याचा आभास घेऊन ख्रिस्ती समाजात वाढली. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध गीत कार्लोस यूजेनिओ फेरेरा यांचे. ते १८९५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७३ च्या ‘बॉबी’ या हिंदी चित्रपटातील एका गाण्याने त्याची चाल भारतभर नेली. गीतातील प्रसंग असा : लग्नघरी निघालेली कलावंतीण नदीकाठी येते, पैलतीरी नेण्याबद्दल नावाड्यास अंगावरचे दागिने देऊ करते आणि तो ते नको म्हणतो. हा प्रसंग ज्यास ठाऊक आहे, त्यास बोटीवरील दहा मिनिटांची देखणीही काही देऊन जाते. ज्यास ठाऊक नाही, त्यास केवळ रंगीत वस्त्रे व ठेका एवढेच हाती लागते. यावरून असेही दिसते, की तिकिटाचे चीज काही अंशी पाहणाऱ्याच्या पूर्वतयारीवर अवलंबून असते. ती तयारी फुकट होते.

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. पॅरिसमधील ‘मुलाँ रूज’ हे नृत्यगृह १८८९ साली उघडले. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ मध्ये काढलेल्या त्याच्या भित्तिपत्रकाने ते जगभर गाजले. तेथील ‘फेरी’ नावाचा खेळ १९९९ मध्ये सुरू झाला. युरोपच्या सहलीस गेलेली मराठी मंडळी पॅरिसच्या कॅबरेचे महाग तिकीट घ्यावे की न घ्यावे, याच विवंचनेत पडतात. तेथे निदान मोठा नृत्यसंच, शेकडो पोशाख आणि दोन तासांचा सलग कार्यक्रम पैशाच्या मोबदल्यात दिसतो. तरीही कीर्ती हा काही अक्षय ठेवा नव्हे. त्याच शहरातील ‘लिदो’ या नृत्यगृहाचा १९४६ पासून चालत आलेला झगमगाटी खेळ २०२२ मध्ये बंद करण्यात आला.

मांडवीतच नांगरलेली जुगाराची जहाजे हे याच गोष्टीचे दुसरे रूप. त्यांच्या प्रवेशमूल्यात जेवण, पेये, रंगमंचावरील नाच आणि थोडी खेळण्याची नाणी असे सारे एकत्र बांधलेले असते. एकत्र बांधलेल्या वस्तूंत कोणती कितीची, हे गिऱ्हाइकास कळत नाही. आणि नाच हे तेथे मुख्य पक्वान्न नसून पानाच्या डाव्या बाजूची चटणी असते. एकवीस वर्षांखालील मुलांस जुगाराच्या दालनात प्रवेश नाही. गोव्यातील रहिवाशांस तर २०२० पासून तेथे मज्जाव आहे. गावच्या माणसाने जेथे जाऊ नये असे सरकारच ठरविते, तेथे पाहुण्याने सहकुटुंब जावे की काय, याचे उत्तर कठीण नाही.

मग त्याच पैशांत, त्याच सायंकाळी दुसरे काय मिळते? नदीच पाहावयाची असेल, तर पणजी ते बेती ही सरकारी फेरीबोट पायी प्रवाशास विनामूल्य पैलतीरी नेते आणि परतही आणते. तेच पाणी, तोच सूर्यास्त. नाही तो फक्त ध्वनिवर्धक. गोव्याचा रंगमंच पाहावयाचा असेल, तर तियात्र आहे. पहिले तियात्र १८९२ साली मुंबईत झाले आणि आजही गोव्याची सामान्य माणसे तिकीट काढून ते पाहतात. कोंकणी बोली मराठी कानास पुष्कळशी उमगते, आणि मधली गाणी भाषेवाचूनही पोचतात. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी उभारलेल्या कला अकादमीत त्या दिवशी काय आहे, याची चौकशी करण्यासही काही पडत नाही.

इतके असूनही बोटीची फेरी सरसकट टाकाऊ ठरविणे अन्यायाचे होईल. ज्या आजीने तापी आणि नर्मदा यांपलीकडे मोठे पाणी पाहिलेले नाही, जिला फेरीबोटीतील गर्दीत उभे राहणे झेपत नाही, तिला खुर्चीत बसून समुद्राच्या तोंडापर्यंत जाता येणे ही लहान गोष्ट नव्हे. मुलांना रंगमंचावर नाचावयास मिळाले, तर ती वर्षभर सांगत राहतील. त्यांच्या दृष्टीने तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल झाले. नृत्याचा अभ्यासू मात्र निराश होईल. म्हणजे एकाच बोटीत बसलेल्या सहा जणांच्या हाती सहा निराळी मोले येतात.

तेव्हा खर्चाचा निर्णय खेळाच्या नावावरून करू नये. आपल्यापैकी कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवावे. सर्वांनी एकत्रच गेले पाहिजे हा आग्रह सोडला, तर प्रश्न निम्मा सुटतो. आजी आणि मुले यांच्यासह एका वडीलधाऱ्याने बोटीवर जावे, उरलेल्यांनी बेतीची फेरी करून यावे. दोन तिकिटांचे पैसे शिल्लक राहतात आणि कोणाचेच काही हुकत नाही. तिकीट खिडकीवरच काढावे, फेरी किती वेळाची व तीत नाच किती हे विचारून घ्यावे, आणि अंधार पडल्यानंतरच्या फेरीपेक्षा सूर्यास्ताची पसंत करावी. कारण नाच बेताचा निघाला, तरी मावळतीचा प्रकाश रेइश मागुशच्या तटावर पडतोच.