बॅग मुदखेडच्या जिन्यावर तोलावी

परदेशी जाणाऱ्या बॅगेचं वजन विमानकंपनी ठरवते, असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, आणि हातातली ७ किलोची अशी मुभा असते. तिकीट आलं की घरात त्या २३ च्या आकड्यापर्यंत पोचायची धडपड सुरू होते. काटा बावीसवर थांबला, तर अजून किलोभर बसतंय म्हणून कुणीतरी शेंगदाण्याची चटणी आणून देतं. मुदखेडहून निघणाऱ्यानं आधी दुसरा हिशेब मांडावा, असं मला कळकळीनं वाटतं. दोन बॅगा आणि हातातली मिळून माणशी ५३ किलो होतात. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. म्हणजे विमानाच्या मापानं भरलेलं सामान आपल्या फलाटावरच नियमाबाहेर जातं. तिथं कुणी काटा घेऊन उभं नसतं, हे खरं. पण ते उचलून डब्यात ठेवायला कुणी मिळेल, याचीही खात्री नसते.

मनमाड-सिकंदराबाद मार्गाला मुदखेडला आदिलाबादचा फाटा फुटतो. त्यामुळं गाव लहान असलं तरी स्टेशन जंक्शन आहे. उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत गाडी सिकंदराबादला जाते, आणि हैदराबाद शहराच्या पार दुसऱ्या अंगाला शमशाबादचा विमानतळ. तो २००८ साली सुरू झाला. मुंबईपेक्षा तो आम्हाला खूपच जवळ, म्हणून ओळखीतली बरीच घरं तिकडूनच उडतात. जवळ असला तरी तिथवर बॅगेला किती वेळा हात लागतो ते मोजावं: घराची पायरी, ऑटो, स्टेशन, पूल, डब्याचं दार, बर्थखालची जागा, सिकंदराबादला पुन्हा उलट्या क्रमानं तेच सगळं, मग पुष्पक बस किंवा टॅक्सी. विमानतळाची ढकलगाडी हाती येईपर्यंत सगळा भार खांद्यावर आणि कमरेवर.

शेजारचे काका-काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांच्या घरी बसून हे सगळं काम मी जवळून पाहिलं, हातही लावला. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी मुदखेडला किती वेळ थांबते, डबा फलाटावर साधारण कुठं लागतो, कुठल्या दारातून चढलं की आपली जागा जवळ, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली. जी बॅग काकूंना एकटीनं तीन पायऱ्या वर नेता येणार नाही, ती घरातच राहील.

काकूंना हे पटलं नव्हतं. लेकीचं पहिलं बाळंतपण. त्यांच्या मनात भरायच्या वस्तूंची यादी लग्नाच्या रुखवतासारखी तयार होती. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, खारीक, खोबरं, खसखस, घरचा तांदूळ, साजूक तूप, हळद, काळा मसाला, येसर, चटण्या, खारोड्या, दुपटी, कुंच्या, टोपडी, वाकळ.

यादी कापायची खरी युक्ती लेकीनंच काढली. ती राहते त्या गावातल्या भारतीय किराणा दुकानात गेली आणि फळ्यांवरून फोन फिरवत सगळं आईला दाखवलं. तांदूळ, डाळी, हळद, तूप, खारीक, डिंक, अळीव, एवढंच काय खोबऱ्याचा कीससुद्धा. काकू पाटावर बसून यादीवर काट मारत गेल्या. जे तिथं मिळतं ते इथून न्यायचं नाही. हलक्या सामानाचा याहून मोठा नियम मला माहीत नाही. पहिल्या दिवशी बॅगेला हात न लावता निम्मं ओझं उतरलं.

तांदूळ तर तसाही गेला नसता. धान्याला लागणाऱ्या खपरा किड्याच्या भीतीनं अमेरिका भारतातून येणाऱ्या प्रवाशाला सोबत तांदूळ आणू देत नाही. हा किडा आपल्या गोदामांत जुना आहे. अळी फटीत दडून महिनोन् महिने उपाशी काढते, म्हणून तिकडचे लोक त्याला इतके घाबरतात. ताज्या कढीपत्त्यालाही बंदी आहे, कारण तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला आणि त्याच्या पानांवरून त्या फळझाडांचे रोग पसरू शकतात. फोडणीला लागेल म्हणून परसातल्या झाडाची डहाळी खुडून बॅगेत खोचायचा मोह आवरावा. बाकी जे काही खाण्याचं असेल ते तिथल्या अधिकाऱ्याला आपणहून सांगावं. सांगितलेली वस्तू फार तर ठेवून घेतील; लपवलेली सापडली तर दंड होतो. युरोपला जाणाऱ्यांचं पथ्य आणखी कडक आहे. तिथं बाहेरच्या देशातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, बर्फी, खवा हे सगळं घरीच वाटून टाकावं.

खोबऱ्यावर मात्र बरीच चर्चा झाली. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते साठून राहिलं तर आपोआप तापू शकतं. म्हणून विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत ते आहे, आणि विमानकंपन्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात घेऊ देत नाहीत. "अगं बाई, खोबऱ्याबिगर लाडू कसा व्हतो?" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, लाडू तिथंच करा. डिंक तिथं आहे, कीस तिथं आहे, तूप तिथं आहे. हात तेवढा इथून जायचाय. खसखशीचं कारण वेगळं. त्यांचं विमान आखातात बदलायचं होतं, आणि तिकडं अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तिची पुडी डब्यात परत गेली.

मग उरलं काय? काकूंच्या हातचा काळा मसाला. येसर. कारळाची आणि जवसाची चटणी. बाजरीच्या खारोड्या. बाळंतशोपा. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी आणि कुंच्या. लेकीच्या गावातल्या फळ्यांवर न मिळणारं एवढंच. मला तर ही यादी पाहून फार बरं वाटलं. पहिल्या यादीत या वस्तू तांदूळ-तुपाच्या गर्दीत हरवल्या होत्या. येसराची एक पिशवी आहे की दोन, याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. आता दोन झाल्या.

मसाले भरण्याचं काम मेणबत्तीवर झालं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड दुमडून पट्टीच्या कडेनं ज्योतीजवळून सरसर फिरवायचं, की ते वितळून चिकटतं. बाजारातून पाउच सील करून मिळतो, पण काकूंचा हात बसलेला होता. एकात एक अशा दोन पिशव्या, वर नाव आणि इंग्रजीत काय आहे त्याची चिठ्ठी. मसाला हातातल्या बॅगेत ठेवायचा नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरहून जास्त पूड हातात असली तर तपासणी वाढते. २००६ मध्ये लंडनमध्ये विमानं उडवून देण्याचा कट उघड झाल्यापासून पातळ पदार्थांना तर १०० मिलिलिटरचं बंधन आहे. तेलाचं लोणचंही त्यातच मोडतं. लोणचं मोठ्या बॅगेत गेलं, पण काचेच्या बरणीतून नव्हे. बरणीचंच वजन लोणच्याएवढं भरतं.

बॅगा आणायला आम्ही नांदेडला वजिराबादेत गेलो. घरी कपाटावर लेकाच्या लग्नात आलेली व्हीआयपीची जुनी सुटकेस होती, मजबूत, चाकं नसलेली. तिचं रिकामं वजनच इतकं की तिचा विचार सोडावा लागला. चाकांची सुटकेस जगात आली ती उशिरा. अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांना तिचं पेटंट १९७२ साली मिळालं, आणि आज दिसतो तो उभा दांडा नि दोन चाकं रॉबर्ट प्लॅथ नावाच्या वैमानिकानं १९८७ च्या सुमारास बसवली. त्यानंतर चार चाकं आली. दुकानदार चार चाकांचीच पुढं करत होता, आणि दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती एका बोटानं सरकते हेही खरं. पण रिकामी बॅग फरशीवर सगळीच चालते. काकांनी तिच्यात दुकानातल्याच भरलेल्या पिशव्या घातल्या आणि ती उंबऱ्यावरून रस्त्यावर नेली. खडबडीत जागी चारातली दोन चाकं फिरली नाहीत, आडवी झाली. शिवाय धावत्या गाडीत चार चाकांची बॅग डब्याच्या मधल्या वाटेत आपली आपण फिरत राहते. दोन मोठी, अर्धी आत बसवलेली चाकं असलेली बॅग तिरकी करून ओढली की ढेकळांवरूनही येते. माझं मत त्या दिवशी पक्कं झालं: फलाटावरून जाणाऱ्यानं दोन चाकांचीच घ्यावी, मग ती जुन्या फॅशनची दिसली तरी चालेल. हल्ली अशा शोधाव्या लागतात, पण मिळतात.

मापही तसंच. विमानाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर चालतं, चाकं आणि मूठ धरून. २८ इंची बॅग त्याच मापाला भिडते. पण ती डब्यातल्या खालच्या बर्थखाली जाईलच असं नाही, आणि तिच्यात जागा असते म्हणून ती भरली जाते. आम्ही २४ इंची घेतल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या. हे प्लॅस्टिक खाली पडलं तरी सहसा तडकत नाही, आणि पॉलिकार्बोनेटपेक्षा खिशाला परवडतं. मूठ बाजूलाही असावी, फक्त वर नको. जिन्यावर बॅग दोघांनी धरायची वेळ आली तर बाजूची मूठच कामाला येते.

हवा ओढून कपडे चपटे करणाऱ्या पिशव्या दुकानात दिसल्या. त्यांच्याबद्दल सावध राहावं असं मी सगळ्यांना सांगते. त्या जागा वाचवतात, वजन नाही. मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही, आणि बॅग दिसायला लहान, उचलायला दगड होते. वाकळ अशीच चपटी होऊन जाणार होती. तिचं वजन केलं आणि ती काकूंनीच परत घडवंचीवर ठेवली. तिच्याऐवजी दुपटी चार वाढवली.

कपड्यांच्या बाबतीत काकू आश्चर्य वाटावं इतक्या सहज तयार झाल्या. इरकली दोन, बाकी लवकर वाळणाऱ्या हलक्या साड्या. तिकडं कपडे धुवायचं आणि वाळवायचं यंत्र घरात असतं, आठवड्याला पुरेल एवढं नेलं की सहा महिने निघतात. थंडीचे जाड कोट जावयाकडं होते. कपडे भरताना मी एकच आग्रह धरला: काकांचे आणि काकूंचे कपडे सगळ्या बॅगांत थोडे थोडे वाटून ठेवायचे. एखादी बॅग मागं राहिली तर कुणीच कपड्यांवाचून अडणार नाही.

शेवटचं वजन किराणा दुकानातल्या काट्यावर झालं. बॅगेखाली काट्याचा आकडा झाकला जातो, म्हणून आधी एक स्टूल काट्यावर ठेवून शून्य केलं. चारऐवजी तीन बॅगा झाल्या होत्या, कुठलीही १८ किलोच्या वर नाही. मग त्या ऑटोत घालून आम्ही स्टेशनवर गेलो, निघायच्या आदल्या संध्याकाळी, नुसतं उचलून पाहायला.

मुदखेडच्या स्टेशनवर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्राचे जवान येता-जाता दिसतात. लोखंडी काळी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, पाठीवर पिशवी. एकाला दुसऱ्याची पेटी उचलताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्यांचं सामान त्यांच्या ताकदीएवढंच असतं. काकू त्या मुलांकडं पाहत होत्या. मग त्यांनी बॅगेची मूठ धरली आणि पुलाच्या जिन्याला लागल्या. पहिल्या बॅगेला मधे एकदा थांबल्या. दुसऱ्या बॅगेला नाही. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "ही जड हाय. येसराची एक पिशवी तिकडं टाक." आणि ती पिशवी खरंच हलक्या बॅगेत गेली. या चाचणीचं महत्त्व मला पुढच्या एका गोष्टीमुळं जास्त वाटतं. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो, तिथंच सगळ्या बॅगा पट्ट्यावरून स्वतः काढून, तपासणीतून नेऊन, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. रात्रभराचा प्रवास झालेल्या साठीच्या माणसांनी फिरत्या पट्ट्यावरून २३ किलोची बॅग ओढून काढायची, हे चित्र मला सोसवत नाही.

हातातल्या बॅगेत पासपोर्ट, तिकिटांचे कागद, जावयाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून, दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एक जोडी कपडे. पॉवरबँक हातातच, मोठ्या बॅगेत कधीच नाही. त्यातल्या बॅटरीनं पेट घेतला तर विमानाच्या पोटात ती विझवायला कुणी नसतं. २०,००० एमएएचची साधी पॉवरबँक ७४ वॅट-तासांची भरते, मर्यादा १०० ची आहे. अडकित्ता मात्र काकांनी खिशात ठेवला होता. तो मोठ्या बॅगेत घालायला लावला.

परतीचा विचारही तेव्हाच झाला. जाताना भरलेलं बहुतेक खाण्याचं होतं, ते तिथं संपणार. येताना लेक तीन रिकाम्या बॅगा भरून देईल, बदाम, चॉकलेट, औषधं, नातवाचे लहान झालेले कपडे. त्यासाठी काकांनी तिला आधीच फोनवर सांगून ठेवलं: परत येतानासुद्धा १८ च किलो. सिकंदराबादहून रात्रीच्या गाडीनं आलो तर मुदखेडला उतरायला मिनिटं मोजकीच असतात.