असं का होतं? : पिशवीतली टरफलं

भालकीत किंवा आळंदमध्ये रक्तदान शिबिर झालं की दात्याला बिस्किटं लगेच मिळतात, पण त्याचं रक्त लगेच कुणाला चढत नाही. आधी एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या तपासण्या होतात. कावीळ बीची नेहमीची तपासणी गमतीची आहे. ती जिवंत विषाणू शोधतच नाही.

कलबुर्गीकडं तुरीची रास होताना पाहिली असेल. दाण्यांहून भुसकटच ढीगभर. यकृतात बसलेला हा विषाणूही तसाच. एकेका खऱ्या विषाणूमागे तो हजारो रिकामी टरफलं रक्तात सोडतो आणि शरीराचे पहारेकरी त्यांच्यातच गुंतून पडतात. तपासणीत सापडतात ती हीच टरफलं. लसही त्यांचीच, यीस्टकडून बनवून घेतलेली, आतून पोकळ.

गावात कावीळ म्हणजे पिवळे डोळे. कावीळ बी शरीरात मुरली, तर मात्र डोळे वर्षानुवर्षं पांढरेच राहतात, मग तपासणी कोण करणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हा विषाणू बाळगणारे सुमारे ३ कोटी लोक होते.

प्रौढपणी लागण झाली तर शंभरातले पंचाण्णव जण विषाणूला हुसकावतात. जन्मताना आईकडून झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. कोवळ्या शरीराला त्याच्याशी नीट लढताच येत नाही. म्हणून लस जन्मताच हवी. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांत लसीची पहिली मात्रा बरीच वर्षं सहाव्या आठवड्यात दिली जाई. तिथं कावीळ बीचं प्रमाण जास्त असण्याचं हे एक कारण. आपल्याकडं ती जन्मानंतर २४ तासांत टोचतात, बाळाच्या मांडीत.