नव्या वहीची पारख

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीवर उभी असते. वाडवडिलांच्या काळी ही वही लाल कापडात बांधून तिजोरीत ठेवीत. आज ती हार्ड डिस्कच्या तळहाताएवढ्या पेटीत वसते. वस्तू व सेवा कर कायद्यान्वये हिशेबाची दप्तरे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा धान्य घेताना आपण जी चिकित्सा करतो, ती ही पेटी घेतानाही करणे अगत्याचे आहे.

बाजार पूर्वीसारखा राहिलेला नाही. एकेकाळी हार्ड डिस्क करणाऱ्या कंपन्या कितीतरी होत्या. आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल व तोशिबा या तीनच प्रमुख उरल्या आहेत. २०११ साली थायलंडातील महापुराने कारखाने बुडाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या दोघींनी घरगुती वापराच्या कित्येक डिस्कांच्या हमीची मुदत घटविल्याचे जाहीर केले. पुढे २०२० साली असे उघडकीस आले की, 'एसएमआर' पद्धतीच्या काही डिस्का ग्राहकास तसे न सांगताच विकल्या जात होत्या. या पद्धतीत नोंदींचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढविलेले असतात. एक कौल बदलावयाचे तर शेजारची हलवावी लागतात. तद्वत् जुनी नोंद बदलताना काम मंदावते. एकदा लिहून ठेवावयाच्या दप्तरास ही डिस्क चालेल; रोजच्या उलाढालीस 'सीएमआर' पद्धतीचीच मागून घ्यावी.

केवळ शिक्का पाहून मात्र भागत नाही. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही साठवण-कंपनी २०१३ पासून आपल्याकडील डिस्कांच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करीत आली आहे. एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांत केवढे अंतर असू शकते, हे त्यांवरून ध्यानात येते. म्हणून नावासोबत नमुना-क्रमांकही पाहावा.

विक्रेत्याचीही पारख हवी. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचे बाहेर आले. त्या किती तास चालल्या याची 'स्मार्ट' ही नोंद कोणी पुसली होती. 'फार्म' ही आतील दुसरी नोंद मात्र शाबूत राहिली आणि लबाडी उघडी पडली. यास्तव माल अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या पावतीने घ्यावा, अनुक्रमांकावरून हमी कंपनीकडे पडताळावी आणि काम सोपविण्यापूर्वी संपूर्ण डिस्क एकदा तपासून घ्यावी.

इतके करूनही कोणतीच डिस्क अमर नव्हे. सारे धान्य एकाच कोठारात ठेवणारा व्यापारी शहाणा म्हणवत नाही. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत पेढीबाहेर, दुसऱ्या जागी असावी. 'एसएसडी' जलद खरी. पण विजेविना वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो, हेही विसरू नये. शिवाय दर तिमाहीस एखादी जुनी नोंद प्रतीतून काढून वाचून पाहावी. जी प्रत वेळेवर उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच होय.