रिकाम्या हाताने गेलेल्या वाचकाची नोंद

गावच्या वाचनालयात देवघेवीचे रजिस्टर असते. कोणते पुस्तक कोणी, कधी नेले ते त्यात सापडते. पण एखादा शेतकरी ‘हुमणीवर काही आहे का हो?’ असे विचारून हात हलवत परत गेला, तर त्याची नोंद कुठे होते? आणि गंमत बघा, पुढच्या खरेदीला खरी उपयोगाची नोंद तीच!

टेंभू योजनेचे पाणी कडेगाव भागात आले. पाणी आले की पिके बदलतात, पिके बदलली की प्रश्न बदलतात. मग कपाट जुनेच ठेवून कसे चालेल? १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. त्यातला पुस्तकांचा पैसा अंदाजाने का खर्चायचा?

संगणक काय सांगतो?

जिथे पुस्तकांची यादी संगणकावर आहे, तिथे हे काम सोपे. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची फुकट मिळणारी प्रणाली न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झाली. अशा यादीत वाचकाने शोधलेला शब्द पानाच्या पत्त्यात उतरतो. गूगल ॲनालिटिक्स, मॅटोमो ही साधने तो टिपतात. कोणता शब्द किती वेळा शोधला, हे मोजून दाखवतात. थोडी जोडणी केली की कशाला उत्तरच मिळाले नाही, तेही कळते.

पण घाई नको. उत्तर शून्य म्हणजे पुस्तक नाहीच, असे नव्हे. कोणी ‘ऊस’ऐवजी ‘उस’ लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरांत. पुस्तक कपाटात असते, यंत्राला सापडत नाही. तिथे खरेदी नको, यादी दुरुस्त करा. शिवाय एकानेच दहा वेळा शोधले, तर ती दहा जणांची मागणी होत नाही.

आणखी एक पथ्य. काय शोधले ते लिहा, कोणी शोधले ते नको. एखाद्याने आजारावरचे किंवा कर्जावरचे पुस्तक शोधले, तर ती पारावरची चर्चा होता कामा नये.

वही तर ठेवा!

संगणक नाही? बिघडत नाही. शंभर पानी वही घ्या, तीन रकाने आखा: तारीख, काय मागितले, मिळाले का. महिनाअखेरीस ती समितीपुढे वाचा. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असा नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच घालून दिला. पण त्याला हवे काय, हे आधी कळायला नको का?