विश्लेषण : एका फोनवर सुटणारे कोडे दुसऱ्या फोनवर का अडते? ४८ तासांत ‘फिजिक्स’ गेम कसा घडतो?

‘अँग्री बर्ड्‌स’मधला पक्षी गलोलीतून सुटला की कुठे आदळणार, याचा अंदाज आपण बोटानेच बांधतो. ‘कट द रोप’मध्ये दोरी कापली की गोळी कशी झुलत खाली येईल, हे कोणी शिकवावे लागत नाही. गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि उसळी यांच्यावर चालणारा हा ‘फिजिक्स पझल’ प्रकार मोबाइलमुळे घरोघरी पोहोचला. या प्रकारातील काही गाजलेले गेम मुळात एकट्यादुकट्या माणसाने काही दिवसांत केलेल्या कच्च्या नमुन्यातून पुढे आले आहेत. आजही ‘गेम जॅम’मध्ये पहिल्यांदा उतरणारे अनेक जण चेंडू, फळी आणि बादली घेऊनच सुरुवात करतात. दिसायला हे सोपे आहे. मात्र त्यातली एक तांत्रिक गोष्ट निसटली, तर ज्याच्याकडे महागडा फोन आहे त्याचे कोडे सुटते आणि साध्या फोनवाल्याचे अचूक खेळूनही अडते.

गेम जॅम म्हणजे काय?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हॅकेथॉन ठाऊक असते. गेम जॅम हा त्याचाच चुलतभाऊ. ठरावीक वेळ, बहुधा ४८ किंवा ७२ तास. सुरुवातीलाच जाहीर होणारा एक विषय. आणि वेळ संपेपर्यंत खेळता येईल असा गेम. ‘जॅम’ हा शब्द संगीतकारांकडून आला. ठरवून न बसवता, जमून वाजवायचे, तसे जमून गेम करायचा. मार्च २००२ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथे क्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांच्या मित्रांनी ‘इंडी गेम जॅम’ भरवला. त्याच वर्षी ज्योफ हाउलँड यांनी ‘लुडम डेअर’ ही ऑनलाइन स्पर्धा सुरू केली. २००९ पासून ‘ग्लोबल गेम जॅम’ होतो. पहिल्याच वर्षी २३ देशांतील लोक त्यात एकाच वेळी बसले होते. बहुतेक जॅममध्ये रोख बक्षीस नसते. सहभागी एकमेकांचे गेम खेळतात आणि गुण देतात.

विषय कधी कधी फारच विचित्र असतो. २०१३ च्या ग्लोबल गेम जॅमचा विषय शब्दांत नव्हताच, हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवण्यात आला होता. त्यावरून ब्रिटनच्या बोसा स्टुडिओच्या चमूने हृदय प्रत्यारोपणाचा ‘सर्जन सिम्युलेटर’ केला. डॉक्टरचा हात फिजिक्सच्या भरवशावर सोडलेला, त्यामुळे शस्त्रक्रियेची हत्यारे इकडेतिकडे उडतात. हसू आणणारी ही अनागोंदीच त्या गेमचे भांडवल ठरली.

नवखे फिजिक्स कोड्याकडेच का वळतात?

कारण खेळाडूला नियम आधीच माहीत असतात. गोट्या, कॅरम, विटीदांडू खेळलेल्या माणसाला उतारावरून चेंडू घरंगळतो, हे सांगणारी सूचनांची पाटी लागत नाही. शिवाय पात्रांच्या चालण्या-बोलण्याचे ॲनिमेशन नको, कथा नको. एक गोल, चार चौकोन, एवढी चित्रकला पुरते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००५ मध्ये चार विद्यार्थ्यांनी एक प्रयोग केला. प्रत्येक गेम एकट्याने आणि सात दिवसांच्या आत करायचा, हा नियम. त्यातून काइल गॅबलर यांचा ‘टॉवर ऑफ गू’ आला. चिकट गोळे एकमेकांना जोडून डगमगता मनोरा उभा करायचा, इतकाच तो खेळ. २००८ मधला ‘वर्ल्ड ऑफ गू’ त्यातूनच वाढला. फिनलंडचे पेट्री पुर्हो यांनीही स्वतःला अशीच अट घालून घेतली होती, दर महिन्याला एक गेम आणि तोही सात दिवसांत. जून २००७ मध्ये त्यांनी ‘क्रेयॉन फिजिक्स’ केला. पडद्यावर खडूने जे काढाल ते लगेच वजनदार वस्तू होऊन पडते, आणि त्याच्या मदतीने चेंडू ताऱ्यापर्यंत न्यायचा. लहान मुलाच्या वहीतले पान जिवंत व्हावे, तसे ते दिसते. नियम एका वाक्यात सांगता येतो, हे त्याचे बलस्थान.

इंजिन नेमके काय करते?

‘फिजिक्स इंजिन’ ऐकून घाबरायचे कारण नाही. बारावीच्या पुस्तकातलीच गती आहे, फक्त तुकड्यातुकड्याने मोजलेली. संगणक वेळेचे बारीक तुकडे करतो, साधारणपणे सेकंदाला ६०. प्रत्येक तुकड्यात आधी गुरुत्वाकर्षणामुळे वाढलेला वेग काढायचा, मग त्या वेगाने वस्तू किती सरकली ते काढायचे. त्यानंतर कोण कोणात घुसले आहे हे तपासायचे आणि घुसलेल्यांना योग्य तेवढा धक्का देऊन वेगळे करायचे. सगळे तुकडे वेगाने दाखवले की चेंडू पडताना दिसतो.

यातला शेवटचा भाग कठीण असतो. दहा ठोकळ्यांची चळत नुसती स्थिर उभी ठेवणे हे उडत्या चेंडूपेक्षा अवघड गणित आहे, कारण प्रत्येक ठोकळा खालच्याला दाबतो आणि वरच्याला तोलतो. म्हणून जॅममध्ये कोणी हे स्वतः लिहीत बसत नाही, आणि बसूही नये. एरिन कॅटो या अमेरिकी प्रोग्रामरने २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये समजावून सांगण्यासाठी एक छोटे इंजिन दाखवले. पुढे ते ‘बॉक्सटूडी’ नावाने मोफत आणि मुक्त स्वरूपात आले. पुर्हो यांच्या ‘क्रेयॉन फिजिक्स’मागे तेच होते. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’मागेही तेच.

त्याचा एक किस्सा या क्षेत्रात अजून सांगितला जातो. २०११ च्या याच परिषदेत ‘अँग्री बर्ड्‌स’ करणाऱ्या रोव्हिओचे पीटर वेस्टरबाका यांचे भाषण होते. प्रश्नोत्तरांत एकाने विचारले, तुमच्या गेममध्ये कोणते फिजिक्स इंजिन आहे? उत्तर आले, बॉक्सटूडी. मग त्याला श्रेय द्याल का, असे विचारून त्या माणसाने आपले नाव सांगितले, एरिन कॅटो. परवान्यानुसार श्रेय देणे बंधनकारक नव्हते. कायदा पाळला गेला होता, तरी प्रश्न रास्तच होता. जॅमच्या गेममध्ये वापरलेल्या इंजिनाचे, आवाजांचे, फॉन्टचे श्रेय एका ओळीत देण्याची पद्धत आहे. ती पाळायला अर्धा मिनिट लागतो.

मग फोनगणिक निकाल का बदलतो?

हा या लेखातला कळीचा मुद्दा. अनेक नवखे कोड असा लिहितात, की दर फ्रेमला चेंडू पाच पिक्सेल पुढे सरकव. फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर चेंडू सेकंदात ३०० पिक्सेल जातो. तोच गेम १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर उघडला की चेंडू ६०० पिक्सेल जातो. वेग थेट दुप्पट!

यावर वरवरचा उपाय म्हणजे मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला, तो मोजून त्याने गुणणे. सरळ रेषेत, एकसमान वेगाने जाणाऱ्या वस्तूसाठी हे चालते. पडणाऱ्या वस्तूसाठी चालत नाही, कारण वेग तुकड्याच्या आतही बदलत असतो आणि तुकडा जितका मोठा तितकी चूक मोठी. आकडेच पाहू. गुरुत्वाकर्षण ९८० पिक्सेल प्रति सेकंद वर्ग धरले, तर कागदावरच्या सूत्राने चेंडू एका सेकंदात ४९० पिक्सेल पडायला हवा. वर सांगितलेल्या पद्धतीने सेकंदाचे १२० तुकडे केले तर तो ४९४ पिक्सेल पडतो, ६० केले तर ४९८, आणि फोन रडतखडत ३० फ्रेम देत असेल तर ५०६. म्हणजे महागड्या आणि दमलेल्या फोनमध्ये १२ पिक्सेलचा फरक. चेंडू आडवा फेकून भिंतीतल्या फटीतून न्यायचा असेल, तर एकाचा चेंडू आत जाईल आणि दुसऱ्याचा फटीच्या खालच्या कडेवर आपटेल. दोघांनी बोट मात्र अगदी सारखेच फिरवलेले असेल.

याहून गमतीचा प्रकार म्हणजे चेंडू फळीतून आरपार जाणे. इंजिन वस्तूला सलग सरकवत नाही, उड्या मारायला लावते. सेकंदभर पडलेल्या चेंडूचा वेग ९८० पिक्सेल होतो. ६० तुकड्यांत एक उडी साधारण १६ पिक्सेलची, ३० तुकड्यांत जवळपास ३३ पिक्सेलची. चेंडूचा व्यास १२ आणि फळीची जाडी १० असेल, तर २२ पिक्सेलपेक्षा मोठ्या उडीत चेंडू एका क्षणी फळीच्या पूर्ण वर आणि पुढच्या क्षणी पूर्ण खाली असू शकतो. मधे टक्कर झालीच नाही, असे संगणकाला वाटते. याला ‘टनेलिंग’ म्हणतात. फळी जाड करणे, हा जॅममधला सर्वात स्वस्त उपाय. वेगवान वस्तूंसाठी दोन तुकड्यांमधला मार्गही तपासण्याची सोय इंजिनात असते, पण तिला जास्त गणित लागते. म्हणून ती चेंडूपुरतीच सुरू करावी.

मूळ दुखण्यावरचा इलाज जुना आहे. फिजिक्सचा तुकडा कायम एकाच मापाचा ठेवायचा, फोन कोणताही असो. गेलेला वेळ गल्ल्यात टाकत राहायचा आणि गल्ल्यात सेकंदाचा साठावा भाग जमला की एक पाऊल टाकायचे. उरलेली चिल्लर पुढच्या फ्रेमसाठी तशीच ठेवायची. वेगवान फोन दर दोन फ्रेमला एक पाऊल टाकेल, रखडलेला फोन एका फ्रेममध्ये दोन-तीन पावले टाकेल. सगळ्यांचा चेंडू ४९८ पिक्सेलच पडेल. सूत्राचे उत्तर ४९० होते हे खरे, पण कोड्याला सगळ्यांना सारखीच चूक मिळाली तरी पुरते. एका फ्रेममध्ये किती पावले टाकायची यावर मर्यादा मात्र हवी. पावलाचे गणितच पावलाच्या वेळेपेक्षा लांबले, तर गल्ला भरतच जातो आणि गेम गोठतो.

गोडो आणि युनिटी या लोकप्रिय साधनांत ही व्यवस्था तयारच मिळते. गोडोत सेकंदाला ६० आणि युनिटीत ५० पावले हे मूळ माप आहे. घोळ होतो तो चेंडूला ढकलणारा कोड फिजिक्सच्या पावलात न लिहिता दर फ्रेमच्या कोडमध्ये लिहिल्यामुळे. तरीही वेगवेगळ्या प्रोसेसरवर दशांश आकडेमोडीत शेवटच्या घरात फरक पडू शकतो आणि चार-पाच टकरींनंतर तो मोठा होतो. त्यामुळे जे कोडे केसाच्या अंतराने सुटते, ते न ठेवलेलेच बरे. बादलीचे तोंड चेंडूच्या तिप्पट असू द्यावे.

चेंडू चंद्रावर असल्यासारखा का पडतो?

बॉक्सटूडी मीटर, किलो आणि सेकंदात विचार करते. हलत्या वस्तू १० सेंटिमीटर ते १० मीटरच्या असाव्यात, अशी तिची अपेक्षा. एक पिक्सेल म्हणजे एक मीटर धरले, तर ५० पिक्सेलचा चेंडू सोळा मजली इमारतीएवढा होतो आणि ५०० पिक्सेल पडायला त्याला दहा सेकंद लागतात. खेळाडूला तो कापसाचा वाटतो. १०० पिक्सेलला एक मीटर धरा, तेवढेच अंतर एका सेकंदात. गोडोतले ९८० हे आकडे त्यातूनच आले, ९.८ गुणिले १००.

घर्षणाचेही तसेच. दोन वस्तू घासल्या की बॉक्सटूडी दोघांच्या घर्षणाचा गुणाकार करून वर्गमूळ काढते. ०.९ ची फळी आणि ०.१ चा चेंडू म्हणजे ०.३. म्हणजे फळीवर कॅरमची बोरिक पावडर टाकल्यासारखा परिणाम हवा, तर एकाच वस्तूचा आकडा शून्याजवळ नेला तरी काम होते.

कोडे कसे रचायचे?

खेळाडूच्या हाती एकच क्रिया द्यावी, हा जॅमवाल्यांचा सर्वात उपयोगी नियम. कापणे, किंवा रेघ काढणे, किंवा फळी ठेवणे. दोन क्रिया दिल्या की कोड्यांच्या शक्यता गुणाकाराने वाढतात आणि तपासायला वेळ उरत नाही. पहिल्या लेव्हलमध्ये चूक करणेच अशक्य असावे, दुसरीत चूक दिसावी, तिसरीत विचार करावा लागावा. आठ-दहा लेव्हल पुष्कळ झाल्या.

खेळाडू तुम्ही न ठरवलेले उत्तर शोधणारच. ‘क्रेयॉन फिजिक्स’मध्ये तर भलामोठा ओबडधोबड आकार काढून चेंडू ढकलत नेता येतो. पुर्हो यांनी ती पळवाट बुजवली नाही. पुढच्या आवृत्तीत उत्तर सुबक असेल तर वेगळी दाद दिली. फिजिक्स कोड्यात पळवाटा बंद करण्याच्या नादी लागणे हा रात्र वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, असे माझे मत. सगळी उत्तरे अडवायची असतील, तर मग फिजिक्स हवेच कशाला?

४८ तास पुरतात का?

पुरतात, पण शेवटचे तास गेममध्ये जात नाहीत. शुक्रवारी रात्री विषय कळला, तर झोपण्याआधी एक चेंडू, एक फळी, एक बादली असलेला खेळता येणारा नमुना हवा. तो त्याच रात्री ब्राउझरमध्ये चालेल अशा स्वरूपात चढवून, घरातल्या सर्वात जुन्या फोनवर उघडून पाहावा. परीक्षण करणारे इतर स्पर्धक अनोळखी फाइल उतरवून घ्यायला कचरतात, लिंक उघडतात. वेब आवृत्तीतले घोटाळे, जसे पहिल्या स्पर्शाआधी आवाज न येणे, रविवारी संध्याकाळी कळले तर उपयोग नाही. शनिवार लेव्हलसाठी. रविवारी सकाळी गेम कधीच न पाहिलेल्या व्यक्तीच्या हाती द्यायचा आणि स्वतः गप्प बसायचे. ती कुठे अडते, ते लिहून घ्यायचे. आवाज मात्र विसरू नये. लाकडावर चेंडू आपटल्याचा एक ‘टक्’ आणि बादलीत पडल्याचा एक ‘टण्’ असला, की साधे चौकोनही खरे वाटतात. आणि झोपही घ्यावी. पहाटे चारला लिहिलेला टक्करीचा कोड सकाळी दहाला कुणालाच समजत नाही.

जॅम संपल्यावर काय?

बहुतेक गेम तिथेच थांबतात आणि त्यात वावगे काही नाही. काही थोडे पुढे जातात, पण तेव्हा वेळेचे प्रमाण उलटे होते. अर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जिंकला आणि पूर्ण गेम मार्च २०१९ मध्ये आला. ‘क्रेयॉन फिजिक्स’चा पहिला नमुना पाच दिवसांचा. त्याची ‘डिलक्स’ आवृत्ती २००८ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेली, तरी विक्रीला आली जानेवारी २००९ मध्ये. खडूची रेघ आणि पडणारा चेंडू पहिल्या पाच दिवसांतच होता. पुढचे दीड वर्ष तो चेंडू कुठून कुठे न्यायचा, हे ठरवण्यात आणि गेम विकण्याजोगा करण्यात गेले.