आई, तू ब्लू पिलवाली!

परवा संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. धाकटा कॉलेजातून आला तो तोंड पाडूनच. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्गातल्या एका मुलीला त्याने मनातलं सांगितलं आणि ती 'नाही' म्हणाली. मी आपली नेहमीची समजूत घातली, "अरे, तू स्वभावाने चांगला आहेस. असाच राहा, मनासारखी मिळेलच." तर पठ्ठ्या म्हणतो कसा, "आई, तू अगदी ब्लू पिलवाली आहेस!"

म्हटलं, ही कसली गोळी बाई?

मग त्यानेच माझी शिकवणी घेतली. 'द मॅट्रिक्स' हा १९९९ सालचा इंग्रजी सिनेमा. त्यात नायकापुढे दोन गोळ्या धरतात. निळी घेतली तर आपल्याच अंथरुणात जागं व्हायचं आणि हवं ते खरं मानत जगायचं. लाल घेतली तर कटू सत्य दिसणार. इंटरनेटवरच्या काही पुरुषमंडळींनी या गोळ्या उचलल्या नि प्रेमाला लावल्या. 'चांगलं वागा, योग्य माणूस भेटतोच' असं मानणारा तो निळ्या गोळीचा, म्हणजे भाबडा. 'बायकांना फक्त रूप आणि पैसा कळतो, ऐंशी टक्के बायका वीस टक्के पुरुषांच्याच मागे असतात' म्हणणारा लाल गोळीचा, म्हणजे म्हणे डोळे उघडलेला. मोजायला कोण गेलं होतं, देव जाणे!

२०२५ साली आलेल्या 'अ‍ॅडोलसन्स' या ब्रिटिश मालिकेत हीच भाषा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या मुलीच्या खुनासाठी पकडतात, आणि तपास करणाऱ्या पोलिसाला हे सगळं समजावतो कोण, तर त्याचाच शाळकरी मुलगा. माझी गत काही वेगळी नव्हती.

रात्री झोप येईना. लाल गोळी विखारीच, त्यात वाद नाही. पण माझी निळी तरी कुठे खरी होती? मंडळाच्या कामात किती चांगल्या वागणाऱ्या मुली एकट्या पडलेल्या पाहिल्यात मी! 'चांगला वाग, मिळेल' असं सांगताना मी चांगुलपणाची रेशनची रांगच करून टाकली होती. उभं राहिलं की साखर मिळणारच. नाही मिळाली की माणूस दुकानदारावर चिडतो. त्या मुलीला 'नाही' म्हणायचा हक्क आहे, हे माझ्या समजुतीत कुठेच नव्हतं.

सकाळी डबा भरताना म्हटलं, "कालचं माझं अर्धंच खरं होतं. मिळेलच असं नाही रे. तिच्या मनात नसेल. त्याने तू वाईट ठरत नाहीस, आणि तीही नाही."

तो बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसला. मग म्हणाला, "तिची वही आहे माझ्याकडे. परत द्यायची लाज वाटते."

"जशी घेतलीस तशीच दे. थँक्यू म्हण आणि ये."

संध्याकाळी आला. "दिली," एवढंच बोलला आणि चहा मागितला.