मातीच्या पत्रिकेत नसलेला रकाना

सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत बारा नोंदी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. 2015 पासून ही पत्रिका देशभर दिली जाते आणि खताचा हिशेब मांडायला ती कामाचीही आहे. पण त्या मातीत राहतं कोण, याला तिच्यात रकाना नाही. ते पाहायला प्रयोगशाळाही लागत नाही. कुदळ, गोणपाट आणि दोन काचेचे ग्लास पुरतात.

कर्जत तालुक्यातल्या एका बांधावर डिसेंबरात मी ही पाहणी केली. बांधाच्या दोन्ही बाजूंना जमीन एकाच जातीची, पाऊसही तोच, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. फरक मशागतीचा. पलीकडच्या खाचरात राब भाजायचा, नांगरायचं, चिखल करायचा आणि मग लावणी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. अलीकडे एसआरटी, म्हणजे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा भात तंत्र. यात गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि त्यांत भात टोकायचं. नांगर नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर धसकटं आणि मुळं जागीच ठेवायची. या वाफ्यांवर आता वाल उभा होता.

सकाळी लवकर गेलेलं बरं, ऊन चढलं की गांडुळं खाली सरकतात. वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल असा मातीचा चौकोन काढायचा, गोणपाटावर ठेवायचा आणि हातांनी हळूहळू फोडायचा. पलीकडच्या खाचरातलं ढेकूळ कुदळीच्या पाठीने फोडावं लागलं. फुटलं तेही सपाट कपच्यांत. वर भेगा, खाली दडस थर आणि भाताची मुळं त्या थरावरच आडवी वळलेली. एक-दोन गांडुळं निघाली तीही बांधाच्या कडेला.

वाफ्यातली माती बोटांच्या दाबाने सुटली आणि तिचे साबुदाण्याएवढे कण झाले. भाताचं जुनं मूळ कुजून मागे राहिलेल्या पोकळीतून वालाचं पांढरं मूळ खाली उतरलं होतं. गांडुळं इतकी, की मोजणं सोडून दिलं. एक पैसा किडा अंग गुंडाळून पडला. डोळे जवळ नेले तेव्हा टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढुरके जीव उड्या मारताना दिसले. हे कोलेम्बोला. कुजत्या काडीवरची बुरशी खाणं हे त्यांचं काम. दिसत नाहीत ते याहून कितीतरी जास्त. चमचाभर सकस मातीतले जिवाणूच शंभर कोटींच्या घरात जातात.

वालाचं एक रोप उपटून शेतकरी काकांनी मुळावरची गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी निघाली. “लाल हाय तवर कामाला हाय,” ते म्हणाले. बरोबरच आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देत असल्याची ती खूण. आतून हिरवट किंवा करडी निघाली, तर काम थांबलेलं.

मग दोन ग्लास. दोन्हीकडची वाळलेली ढेकळं जाळीवर ठेवून पाण्यात सोडली. खाचरातलं ढेकूळ पाहता पाहता विरघळलं आणि पाणी गढूळ झालं. वाफ्यातलं बराच वेळ तसंच राहिलं. त्याला धरून ठेवतात बुरशीचे तंतू, जिवाणूंचा चिकट स्राव आणि गांडुळांची विष्ठा. अशी माती मोठ्या पावसात सहजी वाहून जात नाही आणि गांडुळांच्या बिळांतून पाणी खोल मुरतं. खाचरात पाणी साचलं की हवेवर जगणारे जीव दबतात आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फोफावतात. भातशेतीतल्या मिथेनचं मूळ तिथं आहे.

एक बाब मात्र खटकते. नांगर थांबला की तण वाढतं, म्हणून या पद्धतीत तणनाशक वापरलं जातं. मातीतले जीव जपायचे आणि वरून रसायन फवारायचं, हा पेच खराच आहे. काही शेतकरी पालापाचोळ्याचं आच्छादन करून आणि तण कापून जागीच टाकून फवारणी कमी करतात. त्याला मजुरी जास्त पडते आणि आज मजूर मिळणंच कठीण. यावर सोपं उत्तर नाही. पण वर्षानुवर्षांच्या चिखलणीने आणि राब भाजण्याने होणारं नुकसान आपण जमेला धरतच नाही, हेही तितकंच खरं.

आयत्या शेणखताच्या गाड्या सगळ्यांना परवडत नाहीत. मुळं जमिनीत ठेवायला मात्र पैसे लागत नाहीत. मेलेलं मूळ हे या जिवांचं अन्न आणि त्याची पोकळी हा त्यांचा रस्ता. नांगर दोन्ही मोडतो. तेव्हा पुढची नांगरट करण्याआधी आपल्या शेतातला वीतभर चौकोन काढून पाहा आणि एक ढेकूळ पाण्यात टाका. बांधाजवळचं नको, शेताच्या मधलं घ्या. ते टिकलं नाही, तर खताची गोणी वाढवण्याआधी नांगराची एक पाळी कमी करा.